दोह्यातला तो गोल: फेरसामना का नाही, पंच नेमतं कोण, अन् जिल्हा स्पर्धेनं ह्यातून काय घ्यावं?

पूर्णाकाठ (परभणी)

११ जून २०२४, दोहा. विश्वचषक पात्रतेचा भारत-कतार फुटबॉल सामना. भारत १-० नं पुढे. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला, कतारच्या खेळाडूनं तो मागं ओढला, युसूफ आयमननं जाळ्यात मारला अन् पंचांनी गोल दिला. शेवटी २-१. हा दाखला आता आमच्या भागात जिल्हा स्पर्धेत कुणी हरलं की लगेच निघतो. 'वरच असं चालतंय तर खालच्या पंचाला काय बोलता' हे ठरलेलं वाक्य.

भावनेची उत्तरं नकोत, नियमातली पाहिजेत. चूक टीव्हीवर उघड दिसत असताना फेरसामना का नाही? व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचाला मदत करणारी यंत्रणा, का नव्हती? कोरियाचा पंच कुणी नेमला? कतारचं एएफसीत (आशियाई फुटबॉल महासंघात) वजन आहे म्हणायलेत, त्याचा ह्याच्याशी संबंध जोडता येतो का? अन् शेवटचं, आपल्या तालुका-जिल्हा स्पर्धांनी ह्यातून काय उचलावं? सवडीनं लिहा, पण नेमकं लिहा.

नियम_पाच (छत्रपती संभाजीनगर)

पहिला प्रश्न घेतो. उत्तर फुटबॉलच्या नियमपुस्तकातल्या नियम ५ मध्ये आहे आणि ते कुणाला आवडत नाही. खेळातल्या वस्तुस्थितीबद्दल पंचांनी दिलेला निर्णय अंतिम असतो. गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय, ह्या दोन्ही गोष्टी त्या नियमात नावानिशी लिहिलेल्या आहेत. चेंडू रेषेबाहेर गेला होता का, ही वस्तुस्थिती. पंच किम वू-सुंग ह्यांनी 'गेला नव्हता' असं धरलं. चूक धरलं, पण एकदा मध्यरेषेवरून खेळ पुन्हा सुरू झाला की तो निर्णय फिरवायचा अधिकार त्यांनाही राहत नाही.

वर दाद मागायची वाट किती अरुंद आहे तेही बघा. फिफाच्या शिस्तसंहितेप्रमाणे प्रोटेस्ट सामना संपल्यापासून २४ तासांत लेखी पोहोचला पाहिजे. ही मुदत वाढत नाही. सोबत १,००० स्विस फ्रँक भरायचे, ते प्रोटेस्ट पूर्ण मान्य झाला तरच परत. कारणं फक्त तीन चालतात: अपात्र खेळाडू खेळवला, मैदान खेळण्यालायक नव्हतं आणि ते वेळेवर पंचांना सांगितलं होतं, किंवा पंचांची उघड चूक. ह्या तिसऱ्या कारणावर लोक उडी मारतात, पण ते फक्त कार्डाच्या परिणामापुरतं आहे. म्हणजे फाउल एकानं केला आणि लाल कार्ड दुसऱ्याला दिलं, तर त्याची बंदी उठू शकते. निकाल बदलत नाही. एआयएफएफनं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं) फिफा आणि एएफसीकडे चौकशी मागितली, निकाल जागेवर राहिला. जगातल्या कुठल्याही संघटनेनं मागितली असती तरी तेच झालं असतं.

आता ह्याच्या उलट बाजू. ३ सप्टेंबर २००५, ताश्कंद, उझबेकिस्तान विरुद्ध बहरीन, विश्वचषक पात्रता. उझबेकिस्तान १-० नं पुढे असताना त्यांना पेनल्टी मिळाली, चेंडू जाळ्यात गेला. पण किक बसण्याआधीच त्यांचाच एक गडी पेनल्टी क्षेत्रात घुसला होता. तेव्हाचा नियम म्हणायचा, मारणाऱ्या संघाचा गडी घुसला आणि गोल झाला तर पेनल्टी पुन्हा मारायची. जपानच्या पंचांनी बहरीनला अप्रत्यक्ष फ्री किक दिली. कोण घुसला, कधी घुसला ह्यात त्यांची चूक नव्हती, पुढं काय द्यायचं ह्यात होती. ही नियम लावण्यातली चूक, म्हणून फिफानं अख्खा सामना रद्द करून पुन्हा खेळवला. गंमत पुढं आहे. तक्रार जिंकलेल्या उझबेकिस्ताननंच केली होती, त्यांना ३-० विजय बहाल करून हवा होता. फेरसामना १-१ सुटला, बहरीनमधला ०-० सुटला आणि बाहेरच्या मैदानावरच्या गोलवर बहरीन पुढं गेलं.

निकाल रद्द होण्याची दुसरी वाट म्हणजे भ्रष्टाचार सिद्ध होणं. १२ नोव्हेंबर २०१६, पोलोक्वाने, दक्षिण आफ्रिका विरुद्ध सेनेगल. चेंडू सेनेगलच्या कुलिबालीच्या गुडघ्याला लागला आणि घानाचे पंच जोसेफ लॅम्पटी ह्यांनी हँडबॉल धरून पेनल्टी दिली. दक्षिण आफ्रिका २-१ नं जिंकली. मार्च २०१७ मध्ये लॅम्पटींवर आजन्म बंदी आली, लोझानच्या क्रीडा लवादानं ती कायम ठेवली, सप्टेंबरमध्ये फेरसामन्याचा आदेश निघाला आणि १० नोव्हेंबर २०१७ ला सेनेगल २-० नं जिंकून रशियाच्या विश्वचषकाला गेलं. तिथं नुसती रीप्ले पुरेशी धरली नव्हती, सट्टाबाजारातल्या संशयास्पद हालचालींचे अहवाल सोबत होते. 'पंच विकला गेला' हे वाक्य टिकवायचं तर एवढं लागतं.

मांजराकाठ (लातूर)

नियम_पाच सर, मग आयर्लंडचं काय? २००९ ला फ्रान्सच्या ऑन्रीनं हातानं चेंडू घेतला अन् त्यातून आयर्लंडवर गोल झाला, अख्ख्या जगानं पाहिलं. तिथं म्हणे फिफानं पैसे दिले. नियम एवढा पक्का होता तर पैसे कशाचे?

नियम_पाच (छत्रपती संभाजीनगर)

बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. १८ नोव्हेंबर २००९ चा तो पॅरिसमधला सामना. आयर्लंडनं फेरसामना मागितला, फिफानं नाकारला, इथपर्यंत नियम. पुढं २०१५ मध्ये बाहेर आलं की आयर्लंडच्या संघटनेला सुमारे ५० लाख युरोंची रक्कम दिली गेली होती. फिफाचं म्हणणं, ते स्टेडियमसाठीचं कर्ज होतं आणि आयर्लंड २०१४ च्या विश्वचषकाला पात्र न ठरल्यानं नंतर माफ केलं. आयर्लंडचं म्हणणं, कोर्टात न जाण्याबद्दलची तडजोड. कुठल्याही नियमात बसणारा व्यवहार नव्हता हा, दोन कार्यालयांमधला होता. फिफाचं राजकारण शोधायचं असेल तर ते अशा जागी सापडतं. शिट्टीत शोधत बसलात तर हाती फार लागत नाही.

मन्याडखोरे (नांदेड)

राजकारणाचा भाग मी लिहितो, कारण लोक चुकीच्या ठिकाणी वास घेऊ लागलेत.

आधी हेतू तपासा. त्या दिवशी कतार गटात पहिला येऊन आधीच तिसऱ्या फेरीत गेलेला होता, संघही नव्या पोरांचा उतरवला होता. भारताला मात्र पुढं जायची खात्री हवी तर जिंकणं लागत होतं. ८५ व्या मिनिटाला कतारनं दुसरा गोल केला, तिकडं कुवेतनं अफगाणिस्तानला १-० हरवलं अन् गटातून कुवेत पुढं गेलं. म्हणजे त्या चुकीचा फायदा मैदानात नसलेल्या तिसऱ्याला झाला. कतारनं एएफसीतलं वजन वापरून न लागणारा गोल घेतला, हे गणित बसत नाही बघा.

मग राजकारण कुठं? व्हीएआरमध्ये. दुसऱ्या फेरीत ३६ संघ, ९ गट, १०८ सामने, बहुतेक देश आपल्या घरच्या मैदानावर खेळणार. व्हीएआरला नुसते कॅमेरे लागत नाहीत. मैदान, यंत्रणा पुरवणारी कंपनी अन् तालीम झालेले व्हिडिओ पंच, ह्या सगळ्याला मंजुरी लागते. ३६ पैकी कितीतरी देशांकडं ते नाही. एका मैदानावर आहे अन् दुसऱ्यावर नाही असं एकाच गटात चालवलं तर तोही अन्यायच. म्हणून त्या फेरीत कुणालाच नव्हता, १८ संघांच्या तिसऱ्या फेरीपासून होता. ऐकायला रास्त वाटतं. पण ज्या जासिम बिन हमद स्टेडियमवर हा सामना झाला, तिथंच जानेवारीत आशिया चषकाचे सामने व्हीएआरसह झाले होते. पाच महिन्यांपूर्वी यंत्रणा होती, जूनमध्ये नव्हती. कुणी काढून नेली असं नाही, त्या फेरीच्या खर्चात ती धरलेलीच नव्हती. कुठल्या फेरीत किती खर्च करायचा हे एएफसीच्या बैठकीत ठरतं, अन् तिथं बसायला मतं लागतात.

व्हीएआर असता तर हा गोल वाचला नसता. गोलच्या आधीच्या त्याच हल्ल्यात चेंडू बाहेर गेला होता का, हे तपासणं व्हीएआरच्या कामातच येतं. १ डिसेंबर २०२२ ला जपान-स्पेन सामन्यात मितोमानं जवळजवळ बाहेर गेलेला चेंडू परतवला, तो नेमका असाच प्रश्न होता. तिथं व्हीएआरनं बघितलं, चेंडूची कड वरून रेषेवर दोन मिलिमीटरहूनही कमी आलेली निघाली अन् गोल राहिला. तोच नियम, तीच शंका, फरक फक्त कॅमेऱ्यांचा.

आता मतांचं. फिफाचे २११ सदस्य, प्रत्येकाला एक मत. आफ्रिका ५४, युरोप ५५, आशिया ४६, उत्तर-मध्य अमेरिका अन् कॅरिबियन ३५, ओशनिया ११, दक्षिण अमेरिका फक्त १०. पाच वेळचा विजेता ब्राझील अन् मूठभर वस्तीचं सॅन मारिनो, मत सारखंच. दुसरीकडं फिफाच्या फॉरवर्ड ह्या निधी योजनेतून २०२३ ते २०२६ ह्या चार वर्षांत एका सदस्याला ८० लाख डॉलरपर्यंत मिळतात: ५० लाख रोजच्या कारभाराला, ३० लाख मैदानं वगैरे प्रकल्पांना. छोट्या संघटनेचा अख्खा संसार त्यावर चालतो. जो अध्यक्ष हा आकडा वाढवतो त्याला मतांची चिंता नसते. विश्वचषक ३२ वरून ४८ संघांचा झाला, आशियाच्या थेट जागा ८ झाल्या, त्यामागं हाच हिशोब आहे. चोरून-लपून काही नाही ह्यात, सगळं उजेडात चालतं.

२०१० मध्ये फिफाच्या २२ जणांच्या कार्यकारिणीनं विश्वचषकाचे यजमान म्हणून रशिया अन् कतार निवडले. २७ मे २०१५ ला झुरिकच्या हॉटेलात फिफाच्या पदाधिकाऱ्यांना भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून अटका झाल्या. त्यानंतर यजमान निवडायचा हक्क सगळ्या सदस्यांच्या काँग्रेसकडं गेला, २०२६ साठी १३४ विरुद्ध ६५ असं उघड मतदान झालं. अन् २०३४ सौदीला? एकच दावेदार, टाळ्यांनी मंजूर. सुधारणा ह्या अशा.

मांजराकाठ (लातूर)

म्हणजे मैदानात राजकारण शिरतच नाही म्हणायचं? २००२ च्या विश्वचषकातलं कोरिया विसरायचं का राव?

मन्याडखोरे (नांदेड)

अक्षरशः पायांनी शिरलेलं राजकारण हवं असेल तर २१ जून १९८२, विश्वचषकातला फ्रान्स-कुवेत सामना. गोल झाल्यावर कुवेत संघटनेचे अध्यक्ष शेख फहद स्टँडमधून उतरून मैदानात आले अन् सोव्हिएत पंच स्तुपारांनी दिलेला गोल मागं घेतला. पंचांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथंच संपली. फ्रान्स तरीही ४-१ जिंकलं, म्हणून प्रकरण हसण्यावारी गेलं.

टचलाइन (जालना)

२००२ वर मी लिहितो, कारण 'पंच नेमतं कोण' ह्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच नीट कळतं.

साखळी अशी. आपल्याकडं जिल्हा संघटना, त्यावर मुंबईची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे विफा, त्यावर एआयएफएफ. आंतरराष्ट्रीय यादीसाठी नावं राष्ट्रीय संघटनाच दरवर्षी पाठवते. फिफाचा बिल्ला १ जानेवारी ते ३१ डिसेंबर एवढाच चालतो, पुढच्या वर्षी पुन्हा नवा. पंचाला किमान २५ वर्षं, सहाय्यकाला २३. पुरुष पंचांची धावण्याची चाचणी: ४० मीटरच्या ६ धावा, प्रत्येक ६ सेकंदांत. मग ७५ मीटर १५ सेकंदांत पळायचं, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, असं ४० वेळा, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर १० फेऱ्या. इथं राजकारणाला जागा नाही, घड्याळ कुणाचं ऐकत नाही. जागा आहे ती आधी, नाव कुणाचं पाठवायचं ह्यात, आणि नंतर, कुठल्या सामन्याला कुणाला लावायचं ह्यात. पात्रता सामन्याला शक्यतो त्याच खंडातला, पण तिऱ्हाईत देशाचा पंच आणि त्याच देशाचे सहाय्यक. म्हणून दोह्यात कोरियन. प्रत्येक सामन्याला निरीक्षक असतो, त्याच्या गुणांवर पुढचा सामना मिळतो. चुकीची खरी शिक्षा ती, पुढची नेमणूक थांबणं. ती जाहीर होत नाही, म्हणून लोकांना वाटतं काहीच झालं नाही.

२००२ मध्ये जागा वाटताना खंडांचा कोटा जास्त पाहिला गेला. कोरिया-स्पेन उपांत्यपूर्व सामन्यात पंच इजिप्तचे, एक सहाय्यक युगांडाचा, दुसरा त्रिनिदादचा. तिघं एकमेकांसोबत क्वचितच उभे राहिलेले, भाषा वेगळ्या, खुणा वेगळ्या. हुआकिनचा क्रॉस रेषेच्या आतून आलेला असताना बाहेर धरला आणि स्पेनचा गोल गेला. मतांच्या राजकारणाचा पंचगिरीवर परिणाम होतो तो असा, वाटपातून. पाकिटाची गरज पडत नाही. २००६ पासून त्रिकूट शक्यतो एकाच देशाचं किंवा एकाच खंडाचं, आधीपासून सोबत काम केलेलं पाठवायला लागले, ते ह्याच अनुभवावर. (त्याच २००२ च्या स्पर्धेत भारताचे के. शंकर सहाय्यक पंच होते. आपल्याकडं हे फार जणांना ठाऊक नसतं.)

आणि पाकीट जिथं खरंच चालतं ती जागा म्हणजे मैत्रीपूर्ण सामने. ३१ मे २०१० ला दक्षिण आफ्रिकेनं ग्वाटेमालाला ५-० हरवलं, त्यात हँडबॉलच्या पेनल्टींचा पाऊस. पंच नायजरचे इब्राहिम शाइबू. नेमणूक करून द्यायला एक कंपनी पुढं आली होती: पंचही आम्हीच आणतो, खर्चही आमचाच. मागं सट्टेबाज होते. शाइबूंवर जानेवारी २०१९ मध्ये आजन्म बंदी आणि २ लाख स्विस फ्रँक दंड. पंचाचा खर्च कोण करतंय, हा पहिला प्रश्न विचारा. बाकीचे नंतर.

एक भर अजून. चुका होतात त्या बहुतेक उभं राहण्याच्या जागेमुळं. सहाय्यक शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असतो. फ्री किकवर हेडर, गोलीनं अडवलेला चेंडू, आणि क्षणात गोलरेषेचा निवाडा: तेवढ्यात त्याला रेषेवर पोहोचायचं असतं, मध्ये खांब, जाळी आणि माणसं. प्रेक्षकांचा दाबही खरा आहे. कोविडमध्ये युरोपातली स्टेडियमं रिकामी असताना पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डं घटली, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं. पंच तेच होते, आरडाओरडा तेवढा नव्हता.

बालाघाट (बीड)

एक बाजू राहिली. 'सरकारनं फिफाला धरायला पाहिजे होतं' असं जे म्हणतात त्यांच्यासाठी. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं एआयएफएफवर तीन जणांची प्रशासक समिती नेमली, कारण निवडणुका लांबवल्या होत्या. फिफानं ते बाहेरचा हस्तक्षेप धरून १५ ऑगस्टला भारताला निलंबित केलं. गोकुलम केरळच्या मुली ताश्कंदला पोहोचल्या होत्या, न खेळता परतल्या. ऑक्टोबरचा १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक टांगणीला. कोर्टानं समिती मागं घेतली, २६ ऑगस्टला निलंबन उठलं. नामांकित माजी खेळाडूंना स्वतंत्र मत नको, फक्त राज्य संघटनांना मत, हे फिफाचं म्हणणं राहिलं. २ सप्टेंबरला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कल्याण चौबे ३३, बायचुंग भुतिया १. भारताचा कर्णधार राहिलेल्या भुतियाला एक मत!

तरी फिफाचा नियम निव्वळ वाईट नाही. तो नसता तर प्रत्येक देशाच्या क्रीडा मंत्र्यानं आपला माणूस बसवला असता. पण त्याचा आडोसा संघटनेतल्या मंडळींनाच जास्त होतो, हेही तितकंच खरं. २०२५ मध्ये पुन्हा नवी घटना स्वीकारायला, नाहीतर निलंबन, अशी फिफाची ३० ऑक्टोबरची मुदत आली, १९ सप्टेंबरला कोर्टानं घटनेचा मसुदा मान्य केला आणि १२ ऑक्टोबरला एआयएफएफनं ती स्वीकारली तेव्हा टळलं.

परभणीच्या संघटनेला वर सरळ मत नाही, महाराष्ट्राचं मत विफाचं. सुधारणा मागायची तर पहिलं दार तेच.

टचलाइन (जालना)

आता जिल्हा स्पर्धेचं, पूर्णाकाठ दादा. हे मी थोडं लांबवतो, कारण कामाचं हेच आहे.

नेमणूक तिघांची समिती करू द्या, आणि त्या तिघांपैकी कुणाचाही संघ स्पर्धेत नको. बहुतेक ठिकाणी आयोजक क्लबच पंच लावतो, गडबडीचं मूळ तिथं आहे. पंच दोन्ही संघांच्या गावचा, कॉलेजचा नको एवढं सगळेच पाहतात. पण कतार-कुवेतचा धडा लावा: गटातल्या तिसऱ्या संघाचाही नको. त्या सामन्याच्या निकालानं ज्याचं भलं-बुरं होणार, तोही पक्षकारच. गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू करा. १९८२ ला हिहोनमध्ये पश्चिम जर्मनी-ऑस्ट्रियानं १-० वर खेळ थंड करून अल्जीरियाला बाहेर काढलं, तेव्हापासून जग हेच करतं. मैदान एकच असेल तर निदान क्रमाची चिठ्ठी काढा.

मानधन आयोजकांनी द्यावं, सामन्याआधी, सगळ्यांना सारखं. सामन्यानंतर जिंकलेल्या संघाच्या हातून मिळालेलं पाकीट कितीही स्वच्छ असलं तरी दिसतं वाईटच. जेवण आणि गाडी संघासोबत नको. एका पंचाला दिवसात दोनच सामने द्या. आपल्या मे महिन्याच्या उन्हात तिसऱ्या सामन्याला माणूस चेंडूपासून चाळीस-चाळीस मीटर लांब राहतो आणि तिथून दिलेल्या ऑफसाइडला लोक 'सेटिंग' म्हणतात. सामने सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी ५ नंतर. नियम ७ प्रमाणे पाणी प्यायला जास्तीत जास्त १ मिनिट, उन्हाचा थांबा हवा असेल तर ९० सेकंद ते ३ मिनिटं. दोन्हीचा वेळ भरून द्यायचा.

रेषा. गोलरेषा आणि खांब सारख्याच रुंदीचे, जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर. काळ्या मातीवर फक्की पहिल्या अर्धातच उडून जाते, म्हणून मध्यंतरात निदान गोलरेषा आणि पेनल्टी क्षेत्र पुन्हा मारा. कळीचा चुना वापरू नका, डोळ्यांत गेला तर इजा होते. जाळी खाली खुंट्यांनी पक्की आणि कडेला बांधलेली हवी. बाजूच्या भोकातून आत गेलेला चेंडू आणि वरून बाहेर आलेला चेंडू, दोन्हीवर हाणामाऱ्या होतात. सामन्याआधी पंचांनी स्वतः हात लावून तपासायची गोष्ट आहे ही.

सहाय्यकांना एक गोष्ट शिकवा. चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण २२. चेंडू जमिनीवर टेकतो तो मधोमध. तो टेकलेला बिंदू रेषेच्या बाहेरच्या कडेपासून ११ सेंटिमीटरच्या आत असेल तर वरून चेंडू अजून रेषेवरच आहे, खेळ चालू. सरावात रेषेमागं ११ सेंटिमीटरवर सुतळी ताणा आणि चेंडू ठेवून बाजूनं, मागून, तिरपं असं तीन जागांवरून विचारा: आत की बाहेर? तिरप्या जागेवरून भलेभले चुकतात.

मोबाइलचं चित्रण निर्णयाला वापरू नका. मान्यता नसलेल्या सामन्यात व्हिडिओ बघून निर्णय द्यायला नियम परवानगी देत नाही. शिवाय ज्याचा मोबाइल त्याचा कोन. पण गोलरेषेच्या सरळ रेषेत मैदानाबाहेर ट्रायपॉडवर एक फोन ठेवा आणि तो फक्त पंचांच्या संध्याकाळच्या बैठकीसाठी वापरा. पुढची नेमणूक त्यावरून करा. फिफानं २०२४ मध्ये मुलींच्या विश्वचषकात फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट आजमावला, त्यात प्रशिक्षकाला सामन्यात दोन वेळा मागणी करता येते आणि पंच स्वतः पडद्यावर बघतो, वेगळी व्हिडिओ खोली लागत नाही. कधी काळी स्वस्तात काही खाली आलं तर ते येईल, पण त्यालाही मंजुरी लागणारच.

आणि कर्णधारांना सांगा: गोल चुकीचा वाटला तर खेळ मध्यरेषेवरून सुरू होण्याआधी, एकट्यानं, पंचाला 'सहाय्यकाला विचारा' एवढंच म्हणायचं. तेवढ्या वेळात निर्णय बदलता येतो. अकरा जण अंगावर गेले की पंच विचारायचाही थांबतो.

पूर्णाकाठ (परभणी)

एवढं नेमकं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. एकच राहिलं. आमच्या नियमपत्रकात प्रोटेस्टचं नुसतं 'पंचांचा निर्णय अंतिम' असं आहे. ताश्कंदसारखं पेनल्टीत नियमच चुकीचा लावला गेला तर काय करायचं? तिथूनच पुढं खेळवायचं का अख्खा सामना?

नियम_पाच (छत्रपती संभाजीनगर)

स्पर्धेआधीच लिहून ठेवा, नंतर ठरवलं की ते कुणाच्या तरी बाजूचं दिसतं. दोनच कारणं ठेवा: अपात्र खेळाडू, आणि नियम लावण्यातली चूक. वस्तुस्थितीवर प्रोटेस्ट नाही, असं स्पष्ट वाक्य घाला. मुदत ३० मिनिटं, लेखी, कर्णधार किंवा व्यवस्थापकाच्या सहीनं, शुल्क ५०० रुपये, मान्य झाला तर परत. फिफानं ताश्कंदला अख्खा सामना घेतला होता, तुम्हीही तेच ठेवा. 'त्या मिनिटापासून' खेळवायचं म्हटलं की कोण मैदानात होतं, कुणाला कार्ड होतं ह्यावर नवा वाद. त्यासाठीच पंचाचा अहवाल मैदान सोडण्याआधी, त्याच्या हातानं, मिनिट आणि जर्सी क्रमांकासह घ्या.

आणि पेनल्टीचा तक्ता पत्रकाच्या मागं छापा. मारणाऱ्या संघाचा गडी आत घुसला: गोल झाला तर पुन्हा किक, नाही झाला तर बचाव करणाऱ्यांना अप्रत्यक्ष फ्री किक. बचावाचा घुसला: गोल झाला तर गोल, नाही झाला तर पुन्हा किक. दोन्हीकडचे घुसले: पुन्हा किक. २०२४-२५ पासून एक दुरुस्ती आहे, नुसतं पाऊल आत पडलं म्हणून शिक्षा नाही. घुसलेल्यानं किक मारणाऱ्याला किंवा गोलीला स्पष्ट अडथळा आणला, किंवा परत आलेला चेंडू तोच खेळला, तरच. जुनी पुस्तिका हातात असलेले पंच अजून पाऊल बघून शिट्टी मारतात, तेवढं पहिल्या दिवशीच्या बैठकीत सांगून टाका.